किंडरट्रान्सपोर्टने वाचलेली मुले आणि त्यांचे आई-वडील: पुन्हा भेट झाली तेव्हा काय झाले?

प्रश्न

१९३८-३९ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकियातून सुमारे १०,००० मुले, बहुसंख्य ज्यू, आई-वडिलांवाचून ब्रिटनला पाठवण्यात आली. याच मोहिमेला किंडरट्रान्सपोर्ट म्हणतात. ही हकिकत बहुधा सुटकेपाशी संपते. मला त्यापुढचे जाणून घ्यायचे आहे. आठव्या वर्षी आईचा हात सुटलेले मूल पंधरा वर्षांचे झाल्यावर, आई जिवंत सापडलीच, तर त्यांचे घर पुन्हा उभे राहिले का? माझी मुलगी आठ वर्षांची आहे, त्यामुळे हा प्रश्न मनातून जात नाही.

प्रतिसाद १

फार थोड्यांबाबत तसे म्हणता येईल. नोव्हेंबर १९३८ च्या क्रिस्टालनाख्टनंतर, म्हणजे नाझींनी ज्यूंची घरे, दुकाने आणि प्रार्थनास्थळे यांवर केलेल्या हल्ल्यांनंतर, ब्रिटनने १७ वर्षांखालील मुलांना प्रवेश दिला, त्यांच्या आई-वडिलांना नाही. गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी, हातात एक सूटकेस आणि खिशात १० मार्क एवढ्यावर मुले निघत. काही स्थानकांवर तर आई-वडिलांना फलाटावर यायचीही बंदी होती.

युद्ध सुरू झाल्यावर नेहमीचे टपाल बंद पडले आणि उरला तो रेड क्रॉसचा छापील कागद, ज्यावर जास्तीत जास्त २५ शब्द लिहिता येत. एवढ्यात आई काय लिहिणार? आम्ही ठीक आहोत, शहाण्यासारखी वाग, अभ्यास कर. उत्तर त्याच कागदाच्या मागे लिहायचे आणि ते पोहोचायला महिनोन्महिने लागत. पुढे अनेकांकडे हे कागद येणेच थांबले.

याच काळात लहान मुले इंग्रज घरांत वाढताना जर्मन विसरून गेली. ती शत्रूची भाषा होती, चारचौघांत बोलायची सोय नव्हती. त्यामुळे १९४५ नंतर ज्यांची आईशी भेट झाली, त्यांतल्या कित्येकांना तिच्याशी धड बोलताही येईना. आईच्या मनात सहा-सात वर्षांपूर्वीचे लेकरू होते आणि समोर उभी होती ती दुसऱ्या बाईला आई म्हणू लागलेली मुलगी. तिला परत नेणे म्हणजे, ज्या घराचा लळा लागला होता तेही घर तोडणे. माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत कठीण भाग हाच आहे.

प्रतिसाद २

वर मोठ्या मुलांचा उल्लेख राहिला. चौदा-पंधरा वर्षांची अनेक मुले ब्रिटनमध्ये उतरताच आई-वडिलांसाठी नोकरी शोधू लागत, कारण घरकामाची जागा मिळाली तर त्यांना व्हिसा मिळण्याची आशा असे. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, अनोळखी दारे ठोठावून, आई स्वयंपाक करील आणि वडील बागेचे पाहतील अशी विनवणी ही मुले करीत. ते वडील तिकडे वकील किंवा डॉक्टरही असत. घरात कोणी कोणाला सांभाळायचे, हेच उलटे झाले होते. ज्यांना यश आले नाही, त्यांतले कितीतरी जण आपण कुठे कमी पडलो याचा हिशेब म्हातारपणापर्यंत मांडत राहिले.

शिवाय १९४० मध्ये यांच्यापैकीच सोळा ओलांडलेल्या काहींना ब्रिटनने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून स्थानबद्ध केले. त्यामुळे केवळ औदार्याचे गोडवे गाणे मला पटत नाही. आई-वडिलांनाही व्हिसा दिला असता, तर आपण विचारलेला प्रश्नच उद्भवला नसता.

प्रतिसाद ३

युरोपातच नाझींपासून लपवलेल्या ज्यू मुलांचेही असेच झाले. फ्रान्समधील रोबेर आणि जेराल्ड फिनाली या भावांचे आई-वडील १९४४ मध्ये पकडले जाऊन ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवले गेले आणि परतले नाहीत. सांभाळणाऱ्या बाईने मुलांचा बाप्तिस्मा करवला आणि नातेवाइकांना ती देण्यास नकार दिला. कोर्टकज्जे झाले, मुले लपवून स्पेनला नेली गेली, आणि १९५३ मध्ये कुठे ती आत्याकडे, इस्रायलला पोहोचली.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. ही मुले पुढे स्वतःच्या मुलांना हे सांगत असत का?

प्रतिसाद १

अनेक घरांत फारसे नाही. १९८९ मध्ये, पन्नास वर्षांनी, बर्था लेव्हर्टन यांनी लंडनमध्ये मेळावा भरवला. त्या स्वतः याच मुलांपैकी एक होत्या. आपल्यासारखे इतके जण आहेत, हेच अनेकांना तिथे कळले आणि त्यानंतर कित्येकांनी घरी तोंड उघडले. तोवर खूण असेल तर ती नावात. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या वंशपरंपरेच्या, ज्यूंमध्ये गेलेल्या आप्ताचे नाव बाळाला ठेवण्याची रीत आहे. आजीचे नाव नातीला ठेवले जाई, दिवसातून दहा वेळा त्या नावाने हाक मारली जाई. ती आजी कुठे गेली, हे मात्र नातीला कोणी सांगत नसे.