मदत हवी आहे: महाधनेशासाठी टेलिफोटो लेन्स, ४५ हजारांत

नमस्कार मंडळी,

मी देवरूखच्या बाजूला राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एक जुना बेहडा आहे. त्याच्या खोडात उंचावर ढोली आहे आणि गेली तीन वर्षं महाधनेशाची जोडी तिथे घरटं करते. आमच्याकडे जुनी माणसं त्याला गरुडच म्हणतात. येत्या फेब्रुवारीच्या आत मला लेन्स घ्यायची आहे.

गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या खासगी जागेतला असाच एक बेहडा तुटला. ज्यांनी झाड विकलं त्यांना ढोलीत घरटं असतं हे ठाऊक नव्हतं, आणि आम्हाला ठाऊक होतं तर दाखवायला हातात काही नव्हतं. आमच्या बेहड्याचे मालक ऐकून घेणारे आहेत. त्यांच्यासमोर आणि ग्रामसभेत मला मोठा, स्वच्छ फोटो ठेवायचा आहे. शाळेतल्या मुलांसाठीही हवाच आहे.

माझ्याकडे कॅनन १५००डी कॅमेरा आणि ५५-२५० मिमीची एसटीएम लेन्स आहे. गेल्या मार्चमध्ये मी झाडापासून अंदाजे ४० मीटरवर एका करवंदीच्या जाळीआड बसले. नर चोचीत फळं घेऊन आला, समोरच्या फांदीवर बराच वेळ बसला, माझ्याकडे बघत राहिला आणि ढोलीकडे न जाताच उडून गेला. मी लगेच उठून निघाले. मादी आत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते. तिचं आणि पिल्लाचं पोट त्या नराच्या फेऱ्यांवर असतं. माझ्यामुळे एक फेरी चुकली, हे अजून मनातून जात नाही.

म्हणून मला जवळ जाण्यासाठी नाही, मागे सरकण्यासाठी लेन्स हवी आहे. पऱ्याच्या (ओढ्याच्या) पलीकडे एक पडका गोठा आहे. तिथून झाड साधारण ७० मीटर आहे आणि ढोली सरळ दिसते. गोठ्यात गुराखी बसतात, त्यामुळे पक्ष्यांना तिथली माणसं सवयीची आहेत.

मी थोडं गणित करून पाहिलं. महाधनेश चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १ मीटर. १५००डीचा सेन्सर २२.३ मिमी रुंद आणि त्यावर ६,००० पिक्सेल. ४० मीटरवरून २५० मिमीला पक्षी सुमारे १,७०० पिक्सेल लांब येतो. तोच ७० मीटरवरून २५० ला जेमतेम ९६०, ४०० ला १,५४० आणि ६०० ला २,३००. म्हणजे ४०० घेतली तरी गोठ्यातून जवळपास जाळीतून मिळतो तेवढाच पक्षी मिळेल. गणितात चूक असेल तर जरूर सांगा.

बजेट ताणून ४५,०००. वापरलेली लेन्स चालेल. मनात तीन आहेत: सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६००, त्यांचीच १००-४००, आणि कॅननची जुनी ४०० एफ ५.६ प्राइम (झूम न होणारी). दुकानदाराने कॅननची आरएफ १००-४०० सुचवली, वजनाला अगदी हलकी आहे म्हणून. ती माझ्या बॉडीला चालेल का? आणि झाडाखाली उजेड फार कमी असतो. सकाळी साडेसातला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० वर शटर १/१२५ सेकंदाच्या पुढे जात नाही. लांब लेन्सला हे कसं जमायचं?

प्रतिसाद १

ताई, आधी आरएफचा विषय संपवतो. ती १५००डीला बसणारच नाही. आरएफ माउंट (लेन्स बसवायची जोडणी) कॅननच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, बॉडीसाठी आहे. उलटं चालतं: तुमच्या बॉडीला बसणारी ईएफ लेन्स अडॅप्टर लावून मिररलेसवर वापरता येते. त्यामुळे आज ईएफ लेन्स घेतलीत तर उद्या बॉडी बदलली तरी पैसे वाया जात नाहीत. शिवाय ती आरएफ लेन्स ४०० ला एफ ८ आहे (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी आत येतो), तुमच्या उजेडात त्रास झाला असता.

गणित बरोबर आहे. अंतर जितक्या पट वाढतं तितक्या पट फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीचा आकडा) वाढवली की पक्षी तेवढाच येतो. पण कागदावरचे पिक्सेल आणि फोटोतला तपशील यात हवा असते. दुपारी तापलेल्या कातळावरून किंवा गवतावरून ७० मीटर पाहिलंत तर हवा थरथरते आणि कितीही महाग लेन्स मऊच फोटो देते. पऱ्यावर सावली असेल तर बरं.

१५०-६०० मी चार वर्षं वापरतोय. चांगली लेन्स आहे, पण वजन दोन किलोच्या आसपास आणि ६०० ला एफ ६.३. चांगल्या अवस्थेतली ४५ हजारांत मिळणं मला कठीण वाटतं. फार स्वस्त कोणी देत असेल तर जपून.

प्रतिसाद २

मला उजेडाबद्दल बोलायचं आहे, कारण खरी अडचण तिथे आहे. आयएसओ ३२०० ला १/१२५ म्हणजे १/५०० साठी १२,८०० लागेल. १५००डीत नेहमीची मर्यादा ६,४००, वाढवून १२,८००. तिथे काळ्या पिसांचा चिखल होतो. लेन्स बदलून हे सुटत नाही, एफ ५.६ आणि एफ ६.३ मध्ये फरक स्टॉपच्या तिसऱ्या हिश्श्याचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). वेळ बदलून सुटतं. ढोलीचं तोंड कोणत्या दिशेला आहे?

धागाकर्ती

पश्चिमेला! हे लक्षातच आलं नव्हतं. मी दर वेळी शाळेच्या आधी, सकाळीच जात होते. चार वाजता तिरपं ऊन थेट खोडावर येतं, पऱ्यावर तोवर सावली असते.

प्रतिसाद २

मग अर्धं काम झालं. चारच्या उन्हात आयएसओ ८०० ला १/५०० सहज मिळावं. पक्षी काळा-पांढरा आणि चोच पिवळी, त्यामुळे एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवा, नाहीतर मानेचा पांढरा भाग जळतो. रॉमध्ये (कच्च्या फाइलमध्ये) काढा.

आणि तुम्ही एका जागी, ट्रायपॉडवर, एकाच ढोलीकडे रोखून बसणार आहात. अशा कामाला झूम कशाला हवा? ४०० एफ ५.६ प्राइम ही १९९३ची लेन्स आहे, स्टॅबिलायझर नाही, म्हणून आता लोक विकतात. पण काच अप्रतिम, पूर्ण उघडी असतानाही धारदार, वजन सव्वा किलो. हातात धरून सावलीत वापरायची तर मी नको म्हणालो असतो. १.६ क्रॉपमुळे (तुमचा सेन्सर लहान असल्याने) हातात १/६४० तरी लागतं. ट्रायपॉडवर तो प्रश्न नाही. साधी रिमोट केबल लावा आणि लेन्सच्या कॉलरवरून (लेन्सभोवतीच्या कड्यावरून) ट्रायपॉडला जोडा, बॉडीवरून नाही. ३.५ मीटरच्या आत ती फोकस होत नाही, फुलपाखरांसाठी ५५-२५० ठेवाच.

प्रतिसाद ३

मी १००-४०० ची बाजू मांडते. सिग्माची साधारण ११६० ग्रॅम, टॅमरॉनचीही त्याच वजनाची, दोन्हींत स्टॅबिलायझर. उंबराला फळं धरली की धनेश, हरियल सगळे येतात, तेव्हा हातात धरून फिरताना झूम फार उपयोगी पडतो. मात्र एक अडचण आहे. १५००डीत फोकसचं सूक्ष्म अ‍ॅडजस्टमेंट नाही. लेन्स किंचित पुढे-मागे फोकस करत असेल तर बॉडीत दुरुस्त करता येत नाही. सिग्माचा यूएसबी डॉक किंवा टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल असेल तर लेन्समध्येच करता येतं, पण तो वेगळा खर्च. कोणतीही लेन्स घ्या, स्वतःची बॉडी घेऊन जा. मधला एकच फोकस पॉइंट निवडून तिरक्या ठेवलेल्या छापील पट्टीचा फोटो काढा आणि तिथेच शंभर टक्के मोठं करून बघा.

कोकणातली वापरलेली लेन्स असेल तर बुरशी आधी. ॲपर्चर उघडं ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन कण असतील तर हरकत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा. जूनपासून ते आठवड्याला बघावं लागतं, रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं.

अजून एक, रागावू नका. घरट्याच्या पुराव्यासाठी तुम्हाला नवी लेन्स लागतच नाही. ७० मीटरवरून तुमच्या २५० ला ९६० पिक्सेलचा पक्षी येतो. १५० डीपीआयने (इंचाला १५० ठिपके) छापला तर जवळपास साडेसहा इंच. ग्रामसभेत मागच्या रांगेतूनही दिसेल. फेब्रुवारीपर्यंत लेन्स मिळाली नाही म्हणून थांबू नका. नराने मादीला भरवतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ घ्या. तो फोटोपेक्षा जास्त बोलतो. फोटोत ठिकाण कळेल असं काही टाकू नका आणि हा धागा वाचून कोणी जागा विचारली तर देऊ नका.

धागाकर्ती

रागावण्याचा प्रश्नच नाही, उलट जीव भांड्यात पडला. लेन्स नाही तर काहीच नाही, असं मीच धरून बसले होते. मादी बसली की पहिले दोन आठवडे गोठ्यातही जाणार नाही. मग ५५-२५० ने, चारच्या उन्हात सुरुवात. जागा कोणालाच सांगणार नाही.

लेन्स ४०० प्राइमच घ्यावी असं आता ठरत आलंय. कोल्हापुरात एक वापरलेली आहे, मालक ४२,००० म्हणतात, कॉलर आणि पिशवीसकट. दोन आठवड्यांनी रविवारी बॉडी, टॉर्च आणि छापील पट्टी घेऊन जाते. ट्रायपॉड माझा हलका, व्हिडिओसाठी घेतलेला आहे. सव्वा किलोची लेन्स आणि बॉडी त्यावर धरवेल का, की गोठ्याच्या गडग्यावर (दगडी बांधावर) तांदळाची पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवू? जुन्या जीन्सच्या पायाची शिवून देते म्हणाली आहे आई.

प्रतिसाद १

पिशवीच. गडगा हलत नाही. तांदूळ पाऊण भरा, गच्च नको, म्हणजे लेन्स त्यात रुतून बसते. कोल्हापूरहून आलात की पट्टीचा फोटो इथे टाका, फोकस कुठे पडलाय ते बघू.