टाइप वन मधुमेह : पुण्यात डॉक्टरांशिवाय आणखी कोणकोण हवं?

निगडीची आई
मुलगा ९ वर्षांचा, चौथीत. दिवाळीनंतर टाइप वनचं निदान झालं. इन्सुलिनचं पेन, सुया, ग्लुकोमीटर आणि नोंदींची वही घेऊन घरी आलोय. डॉक्टर चांगले आहेत, पण पुढची भेट तीन महिन्यांनी. मधल्या दिवसांत कोणाला विचारायचं? आम्ही दोघंही नोकरीवाले, घरी सासूबाई, शाळा व्हॅनने. आहारतज्ज्ञ, समुपदेशक, आणखी कोण लागतं? पुण्यात यायची तयारी आहे. कृपया कारल्याचा रस सुचवू नये, तो घरात रोज सुचवला जातोय.

मुठाकाठची
माझी लेक आता अकरावीत आहे, त्यामुळे या सगळ्यातून गेलेय. मुलांचाच एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनच्या आजारांचा डॉक्टर) धरा. स्टेशनजवळच्या जहांगीर हॉस्पिटलमध्ये मुलांच्या टाइप वनवर बरंच काम चालतं, रास्ता पेठेतल्या केईएममध्येही मधुमेहाचा जुना विभाग आहे. कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न हाच विचारा : रात्री दीड वाजता उलट्या सुरू झाल्या तर फोन कोण उचलणार? नुसता रिसेप्शनचा नंबर मिळाला तर दुसरीकडे बघा. पोरगं जेवत नाही म्हणून आपला हात आखडतो, पण बेसल इन्सुलिन (दिवसभर हळूहळू काम करणारं) बंद करायचं नसतं, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात वाढणारी आम्लं) तपासायचे असतात. हे त्या वेळी शांतपणे सांगणारा डायबेटिस एज्युकेटर, म्हणजे मधुमेह रोज कसा सांभाळायचा ते शिकवणारा माणूस, मला तरी डॉक्टरांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

'भात बंद, साखर बंद' म्हणणारी डाएटिशियन नको, कार्ब (खाण्यातले पिष्ट आणि साखर) मोजायला शिकवणारी हवी. आमच्या बाईंनी घरची वाटी आणि घरच्या पोळ्या घेऊन यायला सांगितलं होतं. काट्यावर ठेवल्यावर कळलं की माझी पोळी २५ ग्रॅम पिठाची आणि सासूबाईंची ४० ची! 'दोन पोळ्या' लिहून डोस का बसत नव्हता, ते तिथे उलगडलं.

पाषाणचे मास्तर
शाळेचं मी सांगतो. एकट्या वर्गशिक्षिकेवर भिस्त ठेवू नका, त्या रजेवर असतात त्याच दिवशी नेमकं काहीतरी होतं. पीटीचे सर, मावशी आणि व्हॅनवाले काका, तिघांनाही समोर बसवून दाखवा. घाम, थरथर, उगाच चिडचिड दिसली की तपासायचं. शुगर ७० (mg/dL) च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना.

मुख्याध्यापक का-कू करत असतील तर लेखी अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२३ मध्येच राज्यांना कळवलंय की अशा मुलांना वर्गात शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, खाऊ द्यावं.

कट्ट्यावरचा
मला अकराव्या वर्षी झाला, आता नोकरी करतोय. एवढी फौज जमवताना पोराला विसरू नका राव. कुठलं बोट टोचायचं ते त्याला ठरवू द्या. आणि दारात पाऊल टाकल्या टाकल्या 'शुगर किती?' नको, आधी 'मॅच जिंकलात का?' विचारा. मला त्या प्रश्नाचा एवढा राग यायचा की वहीत खोटे आकडे लिहायचो. समुपदेशक शोधाच, पण त्याच्याच वयाचं, टाइप वन असलेलं एखादं पोरगं भेटलं तर त्याहून बरं. ओपीडीत शेजारी बसलेल्या आईशी बोला, तिथेच ओळखी होतात.

निगडीची आई
सगळ्यांचे आभार. पोळ्यांचं वाचून आत्ताच काटा काढला! पण सासूबाईंचं काय करू? 'एवढ्याशा पोराला सुया' म्हणून रडतात आणि माझ्या मागे काढे पाजायचं म्हणतात.

मुठाकाठची
पुढच्या भेटीला त्यांनाच घेऊन जा. सुनेचं ऐकणार नाहीत, डॉक्टरांचं ऐकतील. या आजारात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात, त्यामुळे काढ्याने भागत नाही, हे त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून कळू दे. आणि एज्युकेटरकडून त्यांना पेन लावायला शिकवा. दुपारी नातू घरी येतो तेव्हा त्याच असतात ना? होळीला पुरणपोळीही त्यांनाच करू दे, मोजून डोस दिला की खाता येते. फक्त पुरण किती भरलं ते विचारून ठेवा.

निगडीची आई
मोजून पुरण भरायचं म्हटलं तर आधी त्याचाच वाद होईल :) शनिवारची वेळ घेतलीये, दोघी जातोय.