संशोधन ग्रंथालयांच्या संघाच्या घटनेत ध्येय आणि मूल्ये कशी लिहावीत?

दांडियाबाजारकर (प्रश्न)

नमस्कार. बडोद्यातील काही महाविद्यालयांची ग्रंथालये, दोन-तीन विश्वस्त संस्थांचे जुने ग्रंथसंग्रह आणि एका घराण्याकडील पोथ्या अशा सर्वांनी मिळून संशोधन ग्रंथालयांचा सभासद-संघ काढावा, असे बरेच दिवस चालले आहे. घटनेचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आणि दोन सहकाऱ्यांकडे आले. वर्गणी, कार्यकारिणीची मुदत, हिशेबतपासणी ही कलमे सहज लिहून झाली. गाडी अडली ती पहिल्याच पानावर, ध्येय आणि मूल्ये या दोन मथळ्यांखाली.

आम्ही ‘ज्ञानप्रसार’, ‘उत्कृष्टता’, ‘सहकार्य’, ‘नावीन्य’ आणि ‘सर्वसमावेशकता’ असे पाच शब्द लिहिले. बैठकीत एकानेही हरकत घेतली नाही, आणि मला काळजी वाटते ती याचीच. हेच पाच शब्द एखादी पतपेढी किंवा औषधाचा कारखानाही आपल्या भिंतीवर लावू शकेल. त्याच बैठकीत दोन खरे प्रश्न निघाले आणि त्या दोन्हींवर आमचे पाच शब्द गप्प राहिले. एक असा, की दोन महाविद्यालये एकाच विदागाराची (संगणकावर वाचायच्या संशोधनसाहित्याच्या संग्रहाची) वर्गणी भरतात, पण विक्रेत्याशी झालेल्या करारात गोपनीयतेची अट असल्याने कोण किती भरते हे एकमेकांना सांगता येत नाही. दुसरा असा, की पोथ्या सांभाळणाऱ्या गृहस्थांनी स्पष्ट विचारले, “सभासद झालो म्हणजे आमच्या पोथ्यांची छायाचित्रे जगासमोर मांडली जाणार का?”

सभासद संस्था असाव्यात की व्यक्ती, हेही ठरायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना ग्रंथपाल

आपण नेमके दुखणे ओळखले आहे. माझ्या मते ध्येय लिहिताना एकच कसोटी लावावी: जे काम आपल्यापैकी कोणत्याही एका ग्रंथालयाला कितीही पैसा मिळाला तरी एकट्याने करता येणार नाही, तेवढेच संघाचे ध्येय. वाचनसंस्कृती वाढवणे हे प्रत्येक ग्रंथालयाचे स्वतःचे काम आहे, त्यासाठी संघाची आवश्यकता नाही. शहरातील कोणता दुर्मीळ ग्रंथ कोठे आहे याची एक सामाईक सूची करणे, एखाद्या नियतकालिकाच्या जुन्या खंडांपैकी निदान एक संच शहरात कायम राहील अशी हमी घेणे आणि विक्रेत्यांशी एकत्र बोलणी करणे, ही मात्र संघाची कामे आहेत.

अमेरिकेतील संशोधन ग्रंथालयांचा संघ १९३२ साली स्थापन झाला आणि तेथे आरंभापासून सभासदत्व संस्थेचे आहे, व्यक्तीचे नाही. १९४८ साली या ग्रंथालयांनी परदेशी पुस्तकांच्या खरेदीची आपसांत वाटणी केली. संशोधनाला उपयोगी असे प्रत्येक नवे परदेशी पुस्तक देशातील निदान एका ग्रंथालयात यावे, एवढाच तिचा हेतू. फार्मिंग्टन योजना या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था १९७२ पर्यंत चालली. तिच्यात किती अवघड गोष्ट मान्य करावी लागली ते पाहा: माझ्या विद्यापीठाला एखादा विषय आज नको असला तरी तो माझ्या वाट्याला आला आहे म्हणून मी त्याची पुस्तके घेणार, आणि जो विषय मला हवा आहे तो शेजाऱ्याकडे आहे म्हणून त्याच्यावर विसंबणार. ‘सहकार्य’ हा शब्द लिहायचा असेल तर त्याच्यापुढे असे एखादे वचन लिहिलेले असावे.

त्याच काळातली दुसरी एक गोष्ट आपणा मराठी वाचकांच्या जवळची आहे. १९६२ पासून अमेरिकेच्या संसदीय ग्रंथालयाचे दिल्लीतील कार्यालय भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन तिकडच्या संशोधन ग्रंथालयांना पाठवू लागले. त्याचे मोल भारताने घेतलेल्या अमेरिकी गव्हाच्या किमतीपोटी साठलेल्या रुपयांतून भागवले जाई. त्यांत मराठी पुस्तकेही होती. आज एखादे जुने मराठी पुस्तक आपल्याकडे सापडत नाही आणि शिकागोत सापडते, याचे पुष्कळसे कारण त्या खरेदीत आहे. आपल्यापैकी अनेकजण रोज उघडतात तो मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही शिकागो विद्यापीठानेच संगणकावर खुला केला. दूरच्या ग्रंथालयांनी मराठी सांभाळली, त्यांचे ऋण मानावेच. पण आपल्या शहरातील ग्रंथांची सूची आपण केलेली नाही, हे मला फार बोचते.

आता मूल्यांविषयी. ज्यासाठी सभासदाला काहीतरी सोडावे लागेल आणि ज्याबद्दल सर्वसाधारण सभेत त्याला जाब विचारता येईल, तेच मूल्य म्हणून लिहावे. आपल्या गोपनीयतेच्या अटीचेच उदाहरण घ्या. अमेरिकी संघाच्या संचालक मंडळाने २००९ साली सभासदांना आवाहन केले की प्रकाशकांशी किंवा विक्रेत्यांशी करार करताना गोपनीयतेच्या अटी मान्य करू नयेत. ‘पारदर्शकता’ या शब्दाला त्यामुळे प्रत्यक्ष अर्थ आला. आपल्याकडे हेच असे लिहिता येईल: “संघाचे सभासद यापुढे किंमत गुप्त ठेवण्याची अट असलेल्या करारावर सही करणार नाहीत, आणि अशी अट आल्यास ती संघाच्या निदर्शनास आणतील.” जुने करार मुदत संपेपर्यंत पाळावेच लागतील, हेही तेथेच नमूद करावे.

आणखी एक. संघ सभासदांविषयी कोणते आकडे गोळा करतो, यावरून त्याची मूल्ये कळतात. अमेरिकी संघ सभासदांची क्रमवारी लावताना पूर्वी किती खंड आहेत, किती नवे आले, किती नियतकालिके येतात हे पाहत असे; पुढे त्याने खर्च आणि कर्मचारी यांच्यावर आधारलेला निर्देशांक स्वीकारला. आपण केवळ ग्रंथसंख्या विचारली तर प्रत्येकजण क्रमिक पुस्तकांच्या जादा प्रती मोजून दाखवील. किती ग्रंथांची नोंद सामाईक सूचीत गेली आणि बाहेरच्या किती वाचकांना बसू दिले, हे विचारावे.

शोधछात्रा

मी सभासद होणार नाही, पण या संघाचा सर्वांत जास्त उपयोग माझ्यासारख्यांना होणार आहे, म्हणून वाचकाच्या बाजूने लिहिते.

एका संग्रहात मला नोंदवहीत एवढेच सापडले: “मोडी दफ्तर, १ रुमाल.” रुमाल सोडून पाहिल्यावर आत जमाखर्चाचे कागद, दोन खासगी पत्रे आणि एका वैद्यकाच्या बाडाची काही पाने एकत्र बांधलेली होती. वैद्यकाचा इतिहास अभ्यासणाऱ्या माणसाला ती नोंद वाचून तेथे जावे असे कधीच वाटणार नाही. त्यामुळे ‘सामाईक सूची’ म्हणताना नुसत्या नोंदवह्या एकत्र करून भागणार नाही. नोंद किती तपशिलाची असावी, याचा किमान नमुना संघाने ठरवावा आणि लहान संग्रहांना मोडी वाचणारा माणूस पुरवावा.

बडोद्याला याची परंपरा आहे, बाहेर शोधत जाण्याचे कारण नाही. प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. निरनिराळ्या प्रांतांतील आणि निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखिते ताडून पाहिल्याशिवाय हे काम झालेच नसते. कोणा एकाच्या कपाटातून रामायणाचा पाठ निश्चित होत नाही, हे येथल्या विद्वानांनी करून दाखवले आहे.

माझी खरी विनंती एका मूल्याबद्दल आहे. कोणी कोणता ग्रंथ मागवला याची नोंद वाचकाची खासगी बाब मानावी. सामाईक सूची आणि सामाईक प्रवेशपत्र आले की वाचकाचा माग काढणे सोपे होते. ग्रंथ परत आल्यावर ती नोंद नावासकट ठेवू नये, आणि मार्गदर्शकालाही ती विचारता येऊ नये. संशोधनाच्या आरंभी माणूस चुकीच्या दिशेने पुष्कळ वाचतो, आणि ते वाचन त्याचे स्वतःचे असते.

राजमहालरोड

नोंदणीच्या बाजूने थोडक्यात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सात व्यक्ती एकत्र आल्या की संस्था नोंदवता येते. पण एकदा नोंदवलेले उद्देश बदलायचे तर सभासदांच्या तीनपंचमांश मतांनी ठराव करून एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत तो पुन्हा तेवढ्याच बहुमताने मंजूर करावा लागतो. म्हणून उद्देशाचे कलम आखूड आणि पक्के ठेवावे. मूल्यांचे निवेदन स्वतंत्र करून ते सर्वसाधारण सभेने स्वीकारावे, म्हणजे अनुभवाप्रमाणे ते सुधारता येईल.

मताधिकार संस्थेला द्यावा, प्रत्येक संस्थेला एक मत, मग तिच्याकडे लाखभर ग्रंथ असोत वा पोथ्यांची चार कपाटे. अभ्यासकांना सहयोगी म्हणून घ्यावे, मात्र त्यांना मताधिकार नसावा. वर्गणीचा प्रश्न निघालाच आहे तर आठवण करून देतो की सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी केली, तिच्यात खर्चाचा एक वाटा गावकरी, एक प्रांत पंचायत आणि एक सरकार असे तीन सारखे भाग होते. गावाने आपला वाटा उचलल्यामुळे ग्रंथालय गावाचे झाले. लहान संग्रहांची वर्गणी माफ करू नका, त्यांना परवडेल इतकी ठेवा.

दांडियाबाजारकर

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या सूचनांनुसार पहिले पान पुन्हा लिहिले आहे, ते येथे देतो.

“ध्येय: बडोदे शहर व परिसरातील संशोधनोपयोगी ग्रंथ, हस्तलिखिते आणि दफ्तरे यांची सामाईक सूची करणे, त्यांचे जतन करणे आणि ती अभ्यासकास पाहावयास मिळतील अशी व्यवस्था सभासद संस्थांनी मिळून करणे.”

मूल्यांत आता चार वाक्ये आहेत. किंमत गुप्त ठेवण्याची अट मान्य करायची नाही. वाचकाची नोंद खासगी राहील. शहरातील शेवटची प्रत असलेला ग्रंथ इतर सभासदांना विचारल्याशिवाय कोणी निकालात काढणार नाही. चौथे वाक्य पोथ्यांबद्दलचे आहे आणि ते अजून जमलेले नाही. ‘सर्व साहित्य सर्वांना खुले’ असे लिहावे, हा माझ्या सहकाऱ्यांचा आग्रह आहे आणि त्यामागची तळमळ मला पटते. परंतु त्या एका वाक्याने पोथ्यांचा संग्रह संघाबाहेर राहील, आणि मग त्या पोथ्यांची सूचीदेखील होणार नाही.

पोथीघर

ज्यांच्या प्रश्नाचा वर उल्लेख झाला, तो मीच. आमच्याकडील पोथ्या लाकडी फळ्यांमध्ये ठेवून तांबड्या फडक्यात बांधलेल्या आहेत आणि प्रत्येक कप्प्यात वेखंडाची पुरचुंडी असते. दसऱ्याआधी त्या सोडून, उन्हात न ठेवता वाऱ्यावर धरून, पुन्हा बांधण्याचे काम घरातल्या तीन पिढ्यांनी केले आहे. कोणाला पोथी पाहू द्यायची नाही, असे आम्ही कधी म्हटले नाही. येणाऱ्या अभ्यासकाला बसायला पाट आणि प्यायला चहा मिळतो. परंतु काही पोथ्या उपासनेच्या आहेत. त्या परंपरेने दीक्षा घेतलेल्यांनीच पाहायच्या आहेत, आणि मी त्यांचा मालक नसून राखणदार आहे.

जुन्या ग्रंथपालांना ठाऊक असेलच, की बडोदे राज्याच्या ग्रंथालयातील चिमणलाल दलाल यांनी पाटणच्या जैन भांडारांतील हस्तलिखितांची टिपणे जागेवर जाऊन केली होती. त्यांच्या निधनानंतर त्या टिपणांवरून तयार झालेली वर्णनात्मक सूची १९३७ साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाली. पोथ्या भांडारांतच राहिल्या, आणि त्या कोठे आहेत व त्यांत काय आहे हे जगाला कळले. मला हाच मार्ग मान्य आहे. नाव, विषय, लिपी, पानांची संख्या, लेखनकाळ आणि पोथीचे शेवटचे चार शब्द यांची नोंद संघाने येऊन करावी आणि ती सर्वांना खुली करावी. छायाचित्रे जतनासाठी सगळ्याच पोथ्यांची घ्यावीत, एक संच आमच्याकडे आणि एक संघाकडे ठेवावा. प्रसिद्ध कोणती करायची हे पोथीगणिक ठरावे आणि नकार दिल्यास मी त्याचे कारण लेखी द्यावे, म्हणजे माझ्या मुलाला ते पुढे तपासता येईल.

आपले चौथे वाक्य असे लिहावे, ही विनंती: “प्रत्येक साहित्याची नोंद सर्वांना खुली राहील, प्रत्यक्ष साहित्य खुले करण्यास नकार द्यावयाचा असल्यास सांभाळणाऱ्याने त्याचे कारण नोंदीत लिहावे.” हे वाक्य राहणार असेल तर पहिल्या सात सह्यांमध्ये माझी धरावी.

जुना ग्रंथपाल

चौथे वाक्य याच शब्दांत घ्यावे. नोंदीच्या नमुन्यात नकाराचे कारण आणि त्याचा फेरविचार कोणत्या वर्षी व्हावा, असे दोन रकाने वाढवा. नमुना तयार झाला की पोथीघरातील एका कप्प्यावर तो वापरून पाहू. मोडी आणि नागरी या दोन्हींसाठी मी येतो.