रँडी ओवेनने सोलो गायलाच हवं होतं का?

तिसरा सूर:
'अलाबामा' हा कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या शैलीचा, अमेरिकी बँड. रँडी ओवेन, टेडी जेन्ट्री आणि जेफ कुक हे तिघे नात्यातले भाऊ, अलाबामा राज्यातल्या फोर्ट पेन गावचे. १९७३ पासून साउथ कॅरोलिनातल्या मर्टल बीचच्या 'द बाउरी' बारमध्ये गिऱ्हाइकांच्या टिप्सवर गाऊन उन्हाळे काढले. १९८० मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीने करार केला आणि पुढचं दशक कंट्री चार्टवर, म्हणजे गाजत्या गाण्यांच्या यादीवर, यांचंच राज्य. २००३-०४ मध्ये निरोपाचा दौरा झाला. मग २००८ मध्ये, साठीला टेकलेल्या ओवेनने 'वन ऑन वन' हा सोलो अल्बम काढला.

माझ्या मते काढायला नको होता. आवाजात काही खोट नव्हती. पण 'अलाबामा' ऐकताना आपण वाट कशाची बघतो? कडवं ओवेन एकटा ओढत आणतो आणि ध्रुवपदाला टेडी नि जेफ येऊन मिळतात, त्या जागेची. सोलो अल्बममध्ये ती जागा येते आणि तिथे दुसरेच कुणी गात असतात.

पेडल स्टील:
साफ असहमत. नॅशव्हिल म्हणजे कंट्री संगीताच्या धंद्याचं गाव, आणि तिथली पद्धतच मुळी एक गायक आणि मागे रोजावर आणलेले वादक अशी. म्हणून तर सुरुवातीला या बँडला कुणी दारात उभं करत नव्हतं. आणि करार झाल्यावर त्यांच्या रेकॉर्डवरही बरंचसं वाजवलं सेशन वादकांनीच. ज्याला तुम्ही 'बँड' म्हणताय तो मुख्यतः स्टेजवर होता. ओवेनने २००८ मध्ये केलं ते नॅशव्हिलला नेहमीचंच.

तिसरा सूर:
वाद्यं रोजावरची असतील, गळे घरचे होते. मी गळ्यांबद्दलच बोलतोय.

उगाच एक:
एवढी चिरफाड कशाला? अल्बमची निर्मिती जॉन रिचची, म्हणजे 'बिग अँड रिच' या कंट्री जोडीतला. त्यातली पहिली दोन गाणी कंट्री चार्टच्या पहिल्या चाळिसातही गेली नाहीत. कारण सरळ आहे: रेडिओवाले साठीच्या माणसाला वाजवत नाहीत. भाऊ मागे उभे असते तरी वाजवलं नसतं.

पेडल स्टील:
@उगाच एक, मग रॉनी डनचं काय? २०१० मध्ये त्याची 'ब्रूक्स अँड डन' ही कंट्री जोडी थांबली, २०११ मध्ये त्याचं पहिलं सोलो गाणं टॉप टेनमध्ये होतं. तोही तेव्हा सत्तावन्नचा! वयाचं कारण टिकत नाही.

तिसरा सूर:
डनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. त्या जोडीतली बहुतेक गाजलेली गाणी तो एकटाच गायचा. जोडीदार किक्स ब्रूक्स सोबत नसल्याने गाण्यातलं फारसं काही गेलं नाही. (ब्रूक्सचे चाहते मला मारतील.)

अटलांटाकर:
सगळे चार्टवर का अडकलात? ओवेनने १९८९ मध्ये मेम्फिसच्या सेंट ज्यूड या लहान मुलांच्या रुग्णालयासाठी कंट्री रेडिओवरून देणग्या गोळा करायचं काम सुरू केलं, ते आजही चालू आहे. या अल्बममधलं पहिलं सिंगल (सुटं काढलेलं गाणं) कॅन्सर झालेल्या लहान मुलीवर आहे. बँड बंद असताना हे गाणं त्याने कुणासोबत गायचं होतं? भावांची परवानगी काढत बसायचं?

आणि त्या घरच्या गोडव्याचं फार कौतुक नको. २००८ मध्येच या तिघांनी आपल्याच ड्रमरवर, मार्क हर्नडनवर, जादा गेलेल्या पैशांसाठी दावा लावला होता.

तिसरा सूर:
गाणं गायलं, उत्तम केलं. एक सिंगल काढून सेंट ज्यूडला द्यायचं. त्यासाठी अख्खा अल्बम कशाला?

हर्नडनचा मुद्दा इथे लागू नाही, तो ड्रमवर होता. २०११ च्या टोर्नेडो वादळांनंतर अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमला मदतीचा कार्यक्रम झाला, तेव्हा ओवेनला बाजूला कोण हवं होतं ते दिसलंच. 'अलाबामा' पुन्हा एकत्र गायले. पुढे दौरेही सुरू झाले. दुसरा सोलो अल्बम काढायची गरज त्याला तेव्हा काही वाटली नाही.

अटलांटाकर:
जेफ कुक २०२२ मध्ये गेला. ओवेन आणि जेन्ट्री अजून 'अलाबामा' नावानेच कार्यक्रम करतात. तिसरा गळा आता घरचा नाही. तुमच्या नियमाने हेही बंद करायला हवं ना?

तिसरा सूर:
का म्हणून? टेडी शेजारी उभा आहे ना. दोन घरचे, एक पाहुणा, एवढं मी चालवून घेतो. 'वन ऑन वन'वर घरचा एकच होता.

पेडल स्टील:
म्हणजे हिशेब दोनाचा. मग तुमचं हे टोपणनाव तरी बदला.