लॉरिन हिलचा पहिला अल्बम: श्रेय नक्की कुणाचं?

गच्चीवरचा_रेडिओ
काल रात्री ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ पुन्हा सलग ऐकला. ऑगस्ट १९९८चा, फुजीज हा तिचा हिपहॉप ग्रुप सुटल्यावरचा या अमेरिकन गायिका-रॅपरचा पहिला एकटीचा अल्बम. सुरुवातीला शाळेची घंटा, मग मास्तर हजेरी घेतायत, पोरं ओ देतायत. ‘लॉरिन हिल’ तीनदा पुकारतात, वर्ग गप्प. आणि ही गैरहजर पोरगी पुढे सव्वा तास हलू देत नाही! रॅप आणि सोल एकाच गळ्यात इतकं मुरलेलं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. कुणाचं वेगळं मत?

ठेकेदार
माझं. गळ्याबद्दल वाद नाही. पण निर्मिती, लेखन, संयोजन, सगळ्यापुढे एकच नाव? अल्बमवर तिच्यासोबत काम केलेल्या ‘न्यू आर्क’ या गटाच्या चौघांनी त्याच वर्षी दावा ठोकला की गाणी रचण्यात आमचाही हात आहे. २००१मध्ये कोर्टाबाहेर मिटलं. काहीच नव्हतं तर मिटवलं कशाला?

गच्चीवरचा_रेडिओ
मिटवणं म्हणजे कबुली नव्हे हो. कोर्टाच्या पायऱ्या झिजवायचा कंटाळा कुणालाही येतो.

सई_सकाळची
तुम्ही दोघं वकिली करत बसा. मुलाच्या जन्मावरचं गाणं ऐका जरा. खाली लष्करी थाटाचा ड्रम, वर गिटारवादक कार्लोस सांतानाची गिटार, आणि ही सांगतेय की लोक म्हणाले, करिअरचा विचार कर. बावीस वर्षांची होती तेव्हा. ते चौघांनी लिहून दिलं असेल का? माझ्या बाळंतपणात मी हे एकच गाणं लावायचे, सासूबाईंनाही पाठ झालं होतं.

ठेकेदार
सईताई, अनुभव तिचाच. मी चालीबद्दल बोलतोय. आणि ‘ग्रॅमीने शिक्का मारला’ हे कुणी म्हणायच्या आधीच सांगतो: १९९९ला पाच मिळाल्या, वर्षाचा सर्वोत्तम अल्बमसुद्धा, हिपहॉपला पहिल्यांदाच. पण का? कारण त्यात गाणं भरपूर होतं. पुढे २००४ला आऊटकास्ट या रॅप जोडीला मिळाला, तोही अर्धाअधिक गायलेलाच. निव्वळ रॅप त्या मंडळींच्या घशाखाली उतरत नाही.

गच्चीवरचा_रेडिओ
हा मुद्दा पटला. पण दोष परीक्षकांचा, तिच्या माथी का?

जुनी_कॅसेट
मुख्य गोष्ट राहिलीच. त्यानंतर तिचा एकही स्टुडिओ अल्बम नाही. २००२चा अनप्लग्ड आहे, पण तो नुसता गिटार घेऊन, मैफलीतला. एकटीचं कर्तृत्व होतं तर दुसरा का नाही जमला?

सई_सकाळची
म्हणजे एकदा पुरणपोळी उत्तम झाली, की ती बाईनेच केली हे सिद्ध करायला दर रविवारी पुन्हा करून दाखवायची?

ठेकेदार
नाही, पण कणीक दुसऱ्याने मळली असेल तर तेवढं सांगावं. मास्तरांच्या त्या हजेरीत चार नावं जास्त पुकारली असती तर काय बिघडलं असतं?