मदत हवी आहे: पंपाच्या पॅनलमधला कॉन्टॅक्टर डिन रेलवरून सारखा निघतोय

नाइलाजाने_सचिव:

नमस्कार मंडळी. मी इलेक्ट्रिकलमधली नाही. बँकेतून निवृत्त झाले आणि मुलुंडच्या आमच्या सात मजली इमारतीची सचिव आहे, कारण त्या दिवशी सभेला उशिरा पोचले.

तळमजल्यावरच्या पंपखोलीत ५ एचपीचा थ्री फेज पंप आहे. त्याच्या पॅनलमध्ये आडव्या पट्टीवर (हीच डिन रेल) डावीकडून तीन पोलचा एमसीबी (बिघाड झाला की पडणारा स्विच), सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की पंप थांबवणारा), मग कॉन्टॅक्टर (पंप चालू-बंद करणारा चुंबकी स्विच; त्यालाच ओव्हरलोड रिले जोडलेला, मोटर जास्त करंट ओढू लागली की ती बंद करणारा) आणि शेवटी टायमर अशी मांडणी आहे. जुना कॉन्टॅक्टर गेल्या पावसाळ्यात जळला म्हणून नवा बसवला. तेव्हापासून हा नवा पट्टीवरून सुटतो. खाली पडत नाही, वायरींवर लोंबतो. आत्तापर्यंत तीनदा झालं. पहिल्यांदा इलेक्ट्रिशियनने दाबून बसवला. दुसऱ्यांदा केबल टाय गुंडाळला. तिसऱ्यांदा, म्हणजे या सोमवारी पहाटे सहाला, टायसकट बाहेर आला. महापालिकेचं पाणी येऊन खालची टाकी भरलेली, वरची रिकामी आणि माझ्या दारात चौथा मजला.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, "मॅडम, रेलच हलकी आहे, अख्खं पॅनल बदला." त्याने दिलेला आकडा कमिटीसमोर ठेवायची माझी हिंमत नाही. पट्टी खराब आहे, कॉन्टॅक्टर खराब आहे, की आणखी काही? फोटो जोडलाय.

पॅनलवाला_भांडुप:

ताई, आधी एक सांगतो. पंपखोलीतला एमसीबी पाडला म्हणजे पॅनल मेलं असं समजू नका, त्याच्या सप्लायच्या बाजूचे स्क्रू जिवंतच असतात. मीटर रूममधून पंपाचा मेन बंद करा, "काम चालू आहे" असा कागद चिकटवा आणि वॉचमनला तिथेच उभा करा. आणि हात तुम्ही घालू नका, वायरमनला घालू दे.

आता पट्टी. खरी डिन रेल रुंदीला ३५ मिमी असते, खोली ७.५ मिमी, पत्रा १ मिमी. जड सामानासाठी १५ मिमी खोलीची येते, तिचा पत्रा जाड, १.५ मिमी. मापं आयईसी ६०७१५ या मानकात बांधलेली आहेत, म्हणून कुठल्याही कंपनीचा एमसीबी कुठल्याही पट्टीवर बसतो. पण लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या इलेक्ट्रिकल सामानाच्या बाजारात, पातळ पत्र्याचीही मिळते. ती हातात धरून पिळली की पापडासारखी वळते. तिच्या कडा क्लिपच्या दाबाने वाकतात आणि सामान सुटतं. व्हर्नियर (मिलिमीटरच्या अंशापर्यंत जाडी मोजायचं साधन) आहे का कुणाकडे?

डोंबिवली_फास्ट:

एमसील लावा, जन्मात निघणार नाही.

पॅनलवाला_भांडुप:

आणि पुढच्या वेळी जळला की छिन्नीने काढायचा का? रेलचा सगळा फायदाच हा की स्क्रू न खोलता दोन मिनिटांत सामान चढतं-उतरतं.

नाइलाजाने_सचिव:

तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे, त्याच्याकडे व्हर्नियर निघाला. मेन बंद करून, वायरमनसमोर मोजलं. रुंदी ३५, पत्रा १, कडा सरळ. एका टोकाला गंज आहे, पण तो टायमरच्याही पलीकडे. म्हणजे पट्टी बरी दिसते?

कॉन्टॅक्टरच्या पाठीमागच्या क्लिपचा एक दात मात्र तुटलाय. प्लॅस्टिकची आहे.

माटुंगा_डिप्लोमा:

पट्टी बरी असेल तर ती ज्यांनी ठोकलीय ते बोल्ट बघा. हे कुणी बघत नाही. ७.५ च्या पट्टीत आत जागा साडेसहा मिमी. लोक एम ६ चा (६ मिमी जाडीचा) षटकोनी बोल्ट मारतात: डोकं ४ मिमी, स्प्रिंग वॉशर १.६, साधा वॉशर १.६. झाले ७.२. म्हणजे डोकं कडेच्या पातळीच्या बाहेर येतं. वर जे सामान बसतं त्याची पाठ त्या डोक्यावर टेकते, क्लिप अर्धवट अडकते आणि आपल्याला वाटतं बसलं. पट्टी ठोकायला चपट्या डोक्याचा स्क्रूच हवा.

नाइलाजाने_सचिव:

बघितलं. असा एक बोल्ट आहे, पण एमसीबीच्या मागे. तो एमसीबी खरंच जरा डुगडुगतो, आजवर लक्षात आलं नव्हतं! कॉन्टॅक्टरच्या मागे मात्र पट्टी रिकामी आहे.

जुना_वायरमन:

ताई, फोटोत सगळ्या सामानावरची अक्षरं सरळ आहेत, फक्त कॉन्टॅक्टरची उलटी. मला आधी वाटलं फोटो दोन तुकडे जोडून टाकलाय. आणि ओव्हरलोड रिले वरच्या अंगाला कसा? तो कॉन्टॅक्टरच्या खाली असतो.

नाइलाजाने_सचिव:

अगंबाई! खरंच की. वायरमनला फोन केला. म्हणाला, जुन्या कॉन्टॅक्टरच्या वायरींची टोकं जळली होती, ती कापली, मग त्या तोकड्या पडल्या. "उलटा केला की बरोबर पोचत होत्या." मोटरची केबल वरून पाइपातून येते. पण उलटा असला तरी चालतोय ना? पंप तर नीट सुरू होतो.

जुना_वायरमन:

चालतो, कारण कॉइलच्या ओढीने कॉन्टॅक्टरच्या आतल्या भागाचं आत-बाहेर होणं पाटीला (ज्या पत्र्यावर पट्टी ठोकलीय त्याला) काटकोनात असतं, उभ्या पाटीवर वर-खाली फिरवलं तर त्याला फरक कळत नाही. फरक क्लिपला कळतो.

लोकलच्या दारात उभा असलेला माणूस आठवा. पाय आत, अंग बाहेर झुकलेलं, हात वरच्या दांड्याला. पाय काही ओढले जात नाहीत, ते आतच रेटले जातात. सगळी ओढ हातावर. पट्टीवरच्या सामानाचंही तेच. त्याचं वजन पट्टीच्या पुढे असतं, त्यामुळे वरची कड बाहेर यायला बघते आणि खालची आत दाबली जाते. म्हणून बनवणाऱ्यांनी वर न हलणारा हूक दिलाय आणि खाली स्प्रिंगची क्लिप. वरचा हूक आधी कडेत अडकवायचा, मग खालून दाबायचं, टक् असा आवाज आला पाहिजे. काढताना क्लिपच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून खाली ओढायचं, खालची बाजू पुढे घ्यायची, मग वर उचलायचं.

तुमच्याकडे उलटं झालंय. घट्ट हूक खाली, जिथे काही ओढ नाही, आणि प्लॅस्टिकची क्लिप वर, जिथे सगळी ओढ. त्यात तोकड्या वायरी ताणलेल्या. आणि पंप सुरू होताना दर वेळी कॉन्टॅक्टर ठक्कन दणका देतो. तीनदाच निघाला हेच नशीब.

माटुंगा_डिप्लोमा:

हॅट्स ऑफ काका. मी बोल्ट मोजत बसलो.

ताई, लोंबणाऱ्या कॉन्टॅक्टरचा धोका नुसता पडण्याचा नाही. वायरी हलून एखादा स्क्रू सैल झाला की एक फेज तुटते आणि मोटर दोन फेजवर गुरगुरत राहते. तुमचा प्रिव्हेंटर व्होल्टेज बघणारा असेल तर त्याच्या पुढे तुटलेली फेज त्याला कळतच नाही. मग सगळी भिस्त ओव्हरलोड रिलेवर. ५ एचपीला पूर्ण भाराला साधारण साडेसात अँपिअर लागतात, मोटरच्या पाटीवरचा आकडा बघा आणि रिलेचा डायल त्यावरच आहे ना ते तपासा. कुणीतरी "ट्रिप होतो" म्हणून दहावर फिरवून ठेवलेला असतो.

नाइलाजाने_सचिव:

डायल साडेनऊवर होता. मोटरच्या पाटीवर ७.५ लिहिलंय. वायरमन म्हणाला, "मी नाही केलं." मीही नाही केलं.

मग काय करायचं ते एकदा नीट सांगाल का? कमिटीची मीटिंग रविवारी आहे.

जुना_वायरमन:

पॅनल बदलायचं नाही. पट्टी बदलायची नाही.

नवा कॉन्टॅक्टर घ्या, कारण क्लिपचा दात गेलाय. सुटी क्लिप मिळत असेल तर पैसे वाचले, पण हातातला जुना नमुना दाखवूनच घ्या. तो सरळ बसवायचा, ओव्हरलोड रिले खाली. मोटरच्या वायरी पुरत नसतील तर पॅनलमध्ये पट्टीवरच तीन टर्मिनल ब्लॉक (दोन वायरी स्क्रूने जोडायचे ठोकळे) चढवायचे, वरून येणारी केबल तिथे सोडायची आणि तिथून रिलेपर्यंत नवे तुकडे टाकायचे. पीळ देऊन टेप मारलेला जोड चालणार नाही, तसं केलं तर पुढच्या वर्षी पुन्हा इथेच भेटू. वायरींना थोडा वळसा सोडायचा, ताण नको. एमसीबीमागचा तो बोल्ट काढून चपट्या डोक्याचा टाकायचा.

दोन्ही टोकांना एंड क्लॅम्प. ते स्क्रूने आवळतात, त्यामुळे दणक्याने सामान पट्टीवर आडवं सरकत नाही. बऱ्याच कॉन्टॅक्टरना पाठीत स्क्रूची भोकंही असतात. पंपाच्या पॅनलमध्ये मी तर सरळ पाटीलाच आवळतो, पण मग तुमच्या वायरमनला पाटीत भोकं पाडावी लागतील आणि लोखंडाचा कीस सामानात पडला की वेगळंच नाटक.

पॅनलवाला_भांडुप:

काकांशी सहमत, आणि पट्टीबद्दल माझा अंदाज चुकला हे कबूल. एंड क्लॅम्प घेताना ३५ च्या पट्टीचे सांगा, जुन्या पॅनलमध्ये इंग्रजी 'G' अक्षराच्या आकाराची ३२ मिमीची पट्टी असते, तिचे वेगळे येतात आणि दुकानदार घाईत कुठलेही देतो.

नाइलाजाने_सचिव:

झालं. शनिवारी दुपारी अडीच तास लागले, त्यातला पाऊण तास चहा आणि "मॅडम, मी वीस वर्षं हेच करतोय" यात गेला. अक्षरं आता सरळ वाचता येतात. धरून हलवून बघितला, एमसीबीसुद्धा डुगडुगत नाही. डायल साडेसातवर. पंप सकाळ-संध्याकाळ चालला, ट्रिप नाही. कॉन्टॅक्टर, तीन टर्मिनल ब्लॉक, दोन क्लॅम्प आणि मजुरी असं मिळून पॅनलच्या आकड्याच्या आसपासही गेलं नाही.

कापलेला केबल टाय माझ्या टेबलावर आहे, रविवारी मीटिंगला नेणार आहे. फक्त एक राहिलं. मेन बंद करायला मीटर रूममध्ये गेले तेव्हा जिन्याच्या दिव्यांचा एमसीबीही उलटा दिसला, अक्षरं खाली डोकं वर पाय. तोही काढायला लावू का?

जुना_वायरमन:

त्याच्या वायरी कुठून येतात आणि हलवला तर हलतो का, ते वायरमनला बघायला सांगा. फोटो टाका. आणि ताई, या वेळी फोटो जरा लांबून काढा.