बी विंगच्या ग्रुपवर: ‘रक्त धुऊन मिळेल’

नाना, २०४: फॉरवर्डेड 👉 अतिनील किरणांनी रक्त शुद्ध करा! सगळे जंतू खलास, अँटिबायोटिकची गरजच नाही. अमेरिकेत १९२८ पासून चालू, औषध कंपन्यांनी दडपलं. १० जणांना पाठवा 🙏

नाना, २०४: हिच्यासाठी विचारतोय. लघवीचं इन्फेक्शन सहा महिन्यांत तिसऱ्यांदा. एक जण दहा सिटिंगचे ३५ हजार सांगतोय. मेघना, तू रक्तपेढीत असतेस ना गं?

सेक्रेटरी: उद्या १० ते २ पाणी बंद. टाकी धुणार.

शेख काका, ३०१: यूव्हीने जंतू मरतात हे खरंय नाना. आमच्या फिल्टरमध्ये तोच दिवा आहे.

मेघना, ७०१: ड्युटीवर होते, आत्ता बघितलं. नाना, १९२८ खरं आहे. सिअ‍ॅटलच्या एमेट नॉट यांचं ते मशीन. थोडं रक्त काढायचं, गोठू नये म्हणून सायट्रेट घालायचं, दिव्यासमोरून फिरवून परत शिरेत सोडायचं. १९४० च्या दशकात फिलाडेल्फियात जॉर्ज मायली यांनी सेप्सिस (जंतुसंसर्ग अंगभर भिनणं), न्यूमोनियाच्या बऱ्याच पेशंटना ते दिलं. तेव्हा डॉक्टरांच्या हातात दुसरं होतं तरी काय? पेनिसिलिन आलं आणि हे मागे पडलं.

नाना, २०४: म्हणजे दडपलंच की!

मेघना, ७०१: दडपायला कशाला? १९५२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये ६८ पेशंटचा अभ्यास छापून आला. फायदा दिसला नाही.
शेख काका, जुलैत टँकरचं गढूळ पाणी आलं तेव्हा फिल्टरवाला काय म्हणाला होता?

शेख काका, ३०१: आधी कँडल बदला म्हणाला. गढूळ पाण्यात दिवा लावून उपयोग नाही, उजेड आत जातच नाही.

मेघना, ७०१: मग रक्त तर त्याहून गढूळ! जंतू मारणारा किरण २५४ नॅनोमीटरचा, तो तांबड्या पेशींतच अडकतो. त्यात नॉट काढायचे अंगातल्या रक्ताच्या ५ ते ७ टक्के. म्हणजे पाच लिटरमधलं पाव लिटर, फार तर थोडं जास्त. उरलेल्याचं काय? आणि मुख्य म्हणजे माईंचे जंतू बसलेत मूत्राशयात. रक्त कशाला धुताय?

नाना, २०४: तो म्हणतो प्रतिकारशक्ती जागी होते.

मेघना, ७०१: ते म्हणणारच. जंतू मरत नाहीत असं दाखवलं की प्रतिकारशक्तीवर येतात.

जोशी काकू, १०२: पण माझ्या नातवाला कावीळ झाली तेव्हा दिव्याखाली ठेवलं होतं की.

मेघना, ७०१: तो निळा उजेड काकू, अतिनील नव्हे. कातडीतून जाऊन बिलिरुबिनचं, म्हणजे काविळीतल्या पिवळ्या द्रव्याचं, रूप बदलतो, मग ते बाहेर पडतं. प्लेटलेटच्या पिशवीतले जंतूही यूव्ही-ए ने मारतात, पण त्यात तांबड्या पेशी जवळजवळ नसतात आणि आधी एक औषध मिसळावं लागतं. फोटोफेरेसिस म्हणून रक्तावरचा एक खरा उपचारही आहे, अमेरिकेत १९८८ ला मंजूर झालेला. पण तो त्वचेच्या एका लिम्फोमासाठी, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरसाठी. जाहिरातवाले तोच पुरावा म्हणून पुढे करतात.

मेघना, ७०१: माईंचं युरिन कल्चर केलंत का कधी?

नाना, २०४: साधी तपासणी केली. शंभर रुपयांवाली.

मेघना, ७०१: तिसऱ्यांदा झालंय ना? मग कल्चरबद्दल विचाराच डॉक्टरांना. कोणते जंतू, कोणत्या गोळीला दाद देतात, ते कळतं. नमुना नवी गोळी सुरू करायच्या आधी द्यायचा. पहिली धार सोडून मधली, लॅबच्याच निर्जंतुक डबीत. घरची जॅमची बाटली धुऊन नेऊ नका. आणि साखर पण तपासून घ्या.

नाना, २०४: जॅमचीच नेली होती 😐

माई, २०४: मी पण आहे या ग्रुपवर.

नाना, २०४: 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

माई, २०४: आता काय डिलीट करताय, सगळ्या विंगने वाचलं. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, उठा आणि गॅस बंद करा.